घरातला प्रॉम्प्टर



मोहफुलांचा हंगाम सरला आहे, तेंदूपत्त्याच्या फळीची लगबग चालू आहे, आणि अशा उन्हात संध्याकाळी आपण मरणावरचे व्याख्यान ऐकायला आला आहात. पत्रिकेत विषय ‘आजारपणातील नातेसंबंध’ असा छापला आहे. मी तो थोडा आवळून घेतो. माझे म्हणणे एकच आहे. मरणाच्या वाटेवर असलेल्या माणसाशी त्याच्या घरच्यांनी त्याच्या मरणाबद्दल बोलणे हा उपचाराचा भाग आहे आणि आरोग्यव्यवस्थेने त्याची जबाबदारी घेतली पाहिजे. आज ती कोणाचीच नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात मुलगा डॉक्टरांना गाठून म्हणतो, ‘बाबाले सांगू नका.’ आत खाटेवरचा बाप नर्सला म्हणतो, ‘पोराले सांगू नका.’ दोघांनाही सगळे ठाऊक असते. दोघेही एकमेकांना जपत असतात. त्या जपण्यातच शेवटचे महिने निघून जातात. यामागचे प्रेम मी नाकारत नाही. ते प्रेम इतके खरे आहे म्हणूनच ते असे वाया गेलेले मला सहन होत नाही.

हा विषय आपल्या गडचिरोली भागात इतर ठिकाणांपेक्षा अधिक निकडीचा आहे, आणि त्याचे कारण पानठेल्यावर घोटले जाते. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घासलेला खर्रा. दारू-तंबाखूविरोधी मुक्तिपथ अभियान, दारूबंदी, त्यावरचे वाद हे सगळे आपल्याला माहीत आहे, त्यात मी शिरत नाही. एका गोष्टीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. खर्‍याने होणारा तोंडाचा कर्करोग जिभेवर, गालात, जबड्यात होतो. आधी तोंड उघडणे अवघड होते, मग घास गिळणे, मग उच्चार. शस्त्रक्रियेत कधी जिभेचा भाग काढावा लागतो, कधी जबड्याचा. म्हणजे हा आजार माणसाच्या आयुष्याआधी त्याची वाचा घेऊ शकतो. इतर आजारांत घरचे लोक ‘बोलू नंतर’ म्हणत राहिले तर शेवटच्या आठवड्यात तरी दोन शब्द होतात. इथे तो आठवडा हाती असेलच असे नाही. शेती कोणाच्या नावावर करायची, धाकटीचे लग्न आधी उरकायचे का, नागपूरला आणखी एक खेप घालायची की घरीच राहायचे, कोणावर राग धरला होता आणि तो आता सोडला, हे सगळे रुग्णाजवळ असते आणि सांगायला तोंड नसते. वाघाने किंवा विजेने माणूस नेला तर बोलायला वेळच मिळत नाही. कर्करोग महिने देतो, कधी वर्षही देतो. ते आपण न बोलता घालवतो.

‘आपली माणसं असं बोलत नाहीत’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त ऐकू येतो आणि मी तो गंभीरपणे घेतो. आपल्याकडे माया पेजेच्या वाटीतून दिसते, रात्रभर पाय चेपण्यातून दिसते. शब्दांत सांगितली तर ती ओशाळते. हे खरे आहे. पण ‘बोलत नाहीत’ आणि ‘बोलायचे नाही’ यांत फरक आहे, आणि तो फरक जगाला गडचिरोलीनेच दाखवला आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांची ओळख या सभागृहात करून देण्याची गरज नाही. त्यांनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास जानेवारी १९८९मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी कधीतरी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. तोपर्यंत सगळ्यांचा समज काय होता? खेड्यातली बाई याविषयी बोलत नाही, लाजते, तिला त्रास नसावा. विचारणारी बाई समोर बसली, तपासणीची सोय झाली, आणि ते मौन किती दुःख झाकून होते ते दिसले. मौनावरून समाधानाचा निष्कर्ष काढू नये, हा त्या अभ्यासातून मी घेतलेला धडा आहे. मरणाबद्दलच्या मौनालाही तो लागू पडतो.

आणि आपण भावना बोलत नाही, असे तरी कोणी म्हणावे? दिवाळीनंतर धान घरात आले की झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, काय होते? नाटकाचा विषय येतोय हे कळताच चेहरे उजळले, ते इथून दिसले. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या रंगभूमीचे ठाणे. बैलांच्या शर्यतींचा शंकरपट भरतो, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, आणि रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. २०२३मध्ये डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीची जाग आली. या नाटकांत काय असते? कर्जात बुडालेला बाप, दारूने उद्ध्वस्त झालेले घर, टाकलेली आई, आणि शेवटच्या अंकात माफी. थंडीत घोंगडी पांघरून बसलेला, घरी चार शब्द न बोलणारा शेतकरी तिथे हजार माणसांत उघडपणे रडतो. शहरी समीक्षक त्याला भडक म्हणतात. त्या प्रेक्षकाला बापाने लेकाला माफ केलेले पाहायचे असते, मोठ्याने ऐकायचे असते, आणि त्याची त्याला भूक असते. ही भूक घरातही आहे. घरात फक्त पहिले वाक्य सापडत नाही. झाडीपट्टीच्या रंगमंचासमोर प्रॉम्प्टर बसलेला असतो. त्याचे महत्त्व तुम्हाला मी सांगायला नको. नटाच्या अंगात भूमिका असते, गळ्यात आवाज असतो, डोळ्यांत पाणीही असते. अडते ते एका शब्दाशी, आणि तो शब्द खालून मिळाला की पुढचे सगळे नट स्वतः करतो. प्रॉम्प्टर नटाऐवजी बोलत नाही. मरणाऱ्याच्या घराला हवा आहे तो असा माणूस. माझा वेळ नाटकात बराच गेला, पण मुद्दा इथेच होता.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा असतो, आणि पुढच्या रांगेत काहीजण बसलेले दिसतात, म्हणून आधीच सांगतो की मी कोणावर आरोप करत नाही. बाह्यरुग्ण विभागात दारापर्यंत रांग असताना कोणता डॉक्टर अर्धा तास खुर्ची ओढून बसेल? पण ‘खरे सांगितले तर रुग्ण खचेल’ हे जे कारण दिले जाते, त्याला पुरावा मागितला पाहिजे. २००८मध्ये अमेरिकेत कर्करोगाच्या ३३२ रुग्णांचा आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्याशी अखेरच्या काळाबद्दल बोलणे झाले होते, त्यांच्यात नैराश्य अधिक आढळले नाही. शेवटच्या आठवड्यातले यंत्रांचे आणि अतिदक्षता विभागाचे हाल मात्र कमी होते, आणि असे हाल न झालेल्या रुग्णांच्या मागे राहिलेली माणसेही पुढे अधिक सावरलेली होती. बॉस्टनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सुरुवातीपासून वेदनाशामक काळजी आणि असा संवाद मिळालेले रुग्ण मध्यक हिशोबाने ११.६ महिने जगले, नुसता नेहमीचा उपचार मिळालेले ८.९ महिने. ही परदेशातली माणसे आहेत, इथल्या एटापल्लीची नाहीत, हे मी मान्य करतो. बॉस्टनचे श्रेय एकट्या बोलण्याला देता येत नाही, हेही मान्य. पण बोलल्याने माणूस खचतो या बाजूने नुसती भीती आहे, आणि दुसऱ्या बाजूने निदान मोजमाप आहे. शिवाय सत्य सांगणे म्हणजे ते तोंडावर फेकणे नव्हे. ‘मला काही सांगू नका, पोराशी बोला’ असे रुग्ण म्हणाला, तर तो त्याचा अधिकार आहे. फक्त ते त्याने म्हटलेले असावे, आपण ठरवलेले नसावे.

तिसरा आक्षेप मला मनापासून पटतो. ज्याला वेदनेने झोप नाही, त्याच्याशी संवाद कसला करता? बरोबर आहे. तळमळणाऱ्या माणसापुढे बसून मन मोकळे कर म्हणणे क्रूरपणा आहे. आधी मॉर्फिन. १९८५च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने त्याची वाट इतकी अडवली होती की रुग्णालये त्याच्या वाटेला जाईनात. २०१४च्या दुरुस्तीने परवान्यांचे जंगल बरेच कमी केले. तेव्हा कायदा आड येतो हे उत्तर आता पुरत नाही. मॉर्फिनची गोळी आणि बोलणारा माणूस, दोन्ही तालुक्याच्या ठिकाणी मिळाली पाहिजेत.

अध्यक्षांनी चिठ्ठी सरकवली आहे, म्हणून कायद्याचे दोन वाक्यांत उरकतो. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मानला आणि उपचारांविषयीच्या आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. पण ज्या घरात मरणाचा शब्द उच्चारला जात नाही, तिथे हा कागद लिहिणार कोण? उलट उदाहरण समाजसेवक बाबा आमटे यांचे: ते ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे तिथल्याच मातीत त्यांना पुरले. रूढ रीत दहनाची असताना घरच्यांना संभ्रम पडला नाही, कारण इच्छा आधी बोलून झाली होती.

मग प्रॉम्प्टर कोण? माझे उत्तर आपल्या पायवाटेवरच आहे. बंग दांपत्याच्या शोधग्राममधल्या आरोग्यदूतांनी नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. त्याच धर्तीवर २०११पासून देशभरातली आशा कार्यकर्ती बाळाच्या पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी जाते. येण्याच्या वेळी जे दार आपण उघडले, ते जाण्याच्या वेळी बंद का? आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची आणि वेदनाशामक काळजी कागदावर आहेच. असाध्य आजाराचा रुग्ण असलेल्या प्रत्येक घरी आशाच्या ठरलेल्या भेटी असाव्यात, त्यांचे वेगळे मानधन असावे. आशाताईंच्या डोक्यावर फुकटचे आणखी एक ओझे मी मागत नाही. आणि प्रशिक्षण औषधांइतकेच विचारण्याचे असावे.

श्रोत्यांतून एक प्रश्न आला आहे, तेवढा घेतो आणि थांबतो. ‘पहिले वाक्य कोणते?’ ते विधान नसावे, प्रश्न असावा. ‘डाक्टरनं तुले काय सांगतलं?’ एवढेच. मग गप्प बसायचे. तो भिंतीकडे पाहील, तंबाखूची डबी चाचपेल, ‘काही नाही’ म्हणेल. तरी उठायचे नाही. आणि भामरागडकडच्या रुग्णासाठी हा प्रश्न माडियातच विचारला गेला पाहिजे, त्याच्याच बोलीत. जिल्हा रुग्णालयात माडिया जाणणारा माणूस औषधाच्या वेळा सांगायला लागतो, हे आपण मान्य केले आहे. त्याला या एका प्रश्नासाठीही खाटेशेजारी बसू द्यावे.