रायफलीचा चाप : निवड आणि खर्च



सन २०१० मध्ये म्युनिक येथे कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत जागतिक विजेत्या झाल्या आणि २०२४ मध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ऑलिंपिकचे कांस्यपदक आणले, तेव्हापासून आमच्या वऱ्हाडातील तरुण मंडळींतही नेमबाजीविषयी जी आस्था उत्पन्न झाली आहे, ती पाहून माझ्यासारख्याला मनापासून आनंद होतो. खामगावात १३ महाराष्ट्र बटालियनमुळे एन. सी. सी.च्या छात्रांचा रायफलीशी परिचय होतोच. त्यांतील काही जण पुढे स्वतःची एअर रायफल घेतात, आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या मनात एकच प्रश्न घोळू लागतो : या रायफलीचा चाप फार जड आहे, तो बदलावा काय, आणि बेताच्या खर्चात कोणता घ्यावा?

प्रश्न रास्त आहे. दहा मीटर एअर रायफलच्या नेमपाटीवरील दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि त्यापुढील प्रत्येक वर्तुळाची पट्टी अडीच मिलिमीटर रुंद असते. आता असे समजा की मागील साइट आणि नळीच्या तोंडाजवळील साइट यांत अर्ध्या मीटरचे अंतर आहे, आणि चाप ओढताना बोटाच्या हिसक्याने नळीचे तोंड केसाएवढे, म्हणजे एक दशांश मिलिमीटर, बाजूला गेले. तर नेमपाटीवर तोच फरक दोन मिलिमीटरांचा होतो, म्हणजे जवळजवळ एक गुण गेला. त्यातून स्प्रिंगच्या रायफलीत चाप सुटल्यावर दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि मगच छर्रा नळीबाहेर पडतो. तेवढ्या अत्यल्प अवधीतही बोटाचा हिसका आपले काम करून जातो.

हा जडपणा येतो कोठून, ते समजून घेतल्यावाचून खरेदीला निघू नये. साध्या, स्वस्त रायफलीत दाबलेल्या मुख्य स्प्रिंगचा सारा जोर ज्या पोलादी खाचेवर तोललेला असतो, त्याच खाचेला चाप थेट खेचून सोडवीत असतो. म्हणून तो दोन किलोच्या वर जातो आणि ओढताना खरखरतो. उत्तम बनावटीच्या रायफलीत मध्ये दोनतीन तरफांची योजना असते, तो जोर पायरीपायरीने कमी होत शेवटच्या खाचेवर अगदी थोडा उरतो, आणि बोटाला तेवढाच सोडवावा लागतो. जर्मनीच्या वायराउख कारखान्याचा रेकॉर्ड नावाचा चाप याच रचनेमुळे नावाजला गेला.

येथे एक गैरसमज दूर करणे मला फार अगत्याचे वाटते. चाप हलका असणे हा गुण दुय्यम आहे. तो दरवेळी सारखाच असणे आणि स्वच्छ सुटणे हा गुण प्रथम. वाळलेली तुराटी मोडते तसा तो एका क्षणी सुटावा. ओल्या पऱ्हाटीसारखा वाकत वाकत नव्हे. दोन टप्प्यांचा चाप यासाठीच श्रेयस्कर : पहिल्या टप्प्यात बोट सैल अंतर ओलांडून एका निश्चित अडथळ्याशी येऊन थांबते, नेम स्थिर होतो, आणि मग थोड्याशा अधिक दाबाने दुसरा टप्पा सुटतो. ऑलिंपिकमधील नेमबाजांचे चाप शंभर ग्रॅमच्या आसपास असतात हे ऐकून नवशिक्याने तसाच हट्ट धरू नये. त्यांच्या रायफली निराळ्या, त्यांच्या बोटाला वर्षानुवर्षांची सवय निराळी. स्प्रिंगच्या रायफलीवर पाचशे ते सातशे ग्रॅमचा, एकसारखा सुटणारा चाप मी पुरेसा मानतो. त्याखाली उतरणे म्हणजे अपघाताला निमंत्रण.

खर्चाचा विचार करण्यापूर्वी आपल्याजवळ काय आहे याची मोजदाद करावी. बाजारात मिळणारा स्प्रिंगचा छोटा ताणकाटा घ्या, रायफलीत छर्रा भरा, भक्कम आडोशाकडे नळी रोखून रायफल आडवी टेकवा, काट्याचा आकडा चापाच्या मध्यावर अडकवून सरळ मागे सावकाश ओढा आणि सुटण्याच्या क्षणाचे वजन टिपून ठेवा. असे दहा वेळा करा. रिकामी रायफल मात्र उडवू नये. समोर छऱ्याचा अडथळा नसला की दट्ट्या नळकांड्याच्या टोकावर आदळतो आणि स्प्रिंग, वायसर दोन्ही निकामी होतात. दहा वेळच्या वजनांत शेदीडशे ग्रॅमचा फरक पडत असेल, तर दोष जडपणाचा नसून अनियमिततेचा आहे, आणि त्याचा उपाय बहुधा फुकट असतो.

दस्त्याचे स्क्रू सैल असतील तर ते आवळावेत. चापाच्या मागे वा त्याच्याभोवतीच्या कड्यात जुळवणीचे स्क्रू आहेत का ते माहितीपत्रकात पाहून, एका वेळी पाव फेराच फिरवावा आणि दरवेळी पुन्हा तोलून पाहावे. आपल्याकडे वैशाखातली धूळ आणि जिनिंगच्या मोसमातले कापसाचे तंतू तेलकट भागांवर बसून चिकट थर करतात. तो पुसून काढून घासणाऱ्या जागी मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या काळ्या ग्रीसचा निव्वळ हात फिरवावा. एवढ्यानेच खरखर पुष्कळ कमी झाल्याचे मी पाहिले आहे.

दोन गोष्टींना मात्र माझी सक्त हरकत आहे. चापाची स्प्रिंग कापून त्याला हलका करणे, आणि खाचेवर कानस चालविणे. त्या खाचेचे पोलाद बहुधा पृष्ठभागापुरतेच कठीण केलेले असते; तो पातळ थर घासला गेला की आतले मऊ पोलाद दिवसेंदिवस झिजते आणि एखाद्या दिवशी दस्ता जमिनीवर आपटताच रायफल आपोआप उडते. थोडक्या पैशांच्या कानशीने कोणाचा डोळा जावा, यासारखे दुर्दैव नाही.

इतके करूनही समाधान न झाल्यास नवा चाप घ्यावा, परंतु तो आपल्याच मॉडेलसाठी बनविलेला असावा. घासूनपुसून बसवावा लागणारा स्वस्त असला तरी नको. चापाचे पाते धातूचे असावे, दोन टप्पे असावेत, पहिल्या टप्प्याची लांबी आणि दुसऱ्याचे वजन स्वतंत्र स्क्रूंनी जुळविता यावे, आणि सुटल्यानंतर पाते आणखी मागे धावू नये म्हणून थांबा असावा. रायफलीच्या किमतीच्या चौथाईहून अधिक रक्कम चापावर जात असेल, तर ती तजवीज मोडावी आणि मुळातच चांगल्या चापाची रायफल घेण्यासाठी पैसे साठवावेत. दरम्यान राज्यातील ओपन साइट एअर रायफलच्या स्पर्धा साध्या रायफलीवरही खेळता येतात, आणि त्या रकमेतून आणलेले छऱ्यांचे डबे गुणफलकावर अधिक लवकर दिसतात.

कायद्याचीही जाणीव ठेवावी. .१७७, म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाची आणि २० जूलपर्यंत शक्तीची एअर रायफल परवान्याच्या सक्तीतून मुक्त आहे. काडतुसाच्या पॉइंट टू टू (.२२) रायफलीची गोष्ट वेगळी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने तिची दुरुस्ती व फेरफार परवानाधारक कारागिराकडूनच करवून घ्यावे लागतात, तिचे सुटे भागही कायद्याच्या कक्षेत येतात, आणि शंका असल्यास बुलढाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत विचारणा करावी. एन. सी. सी.ची रायफल तर सरकारी मालमत्ता. तिच्या चापाला छात्राने हात लावू नये.

तेव्हा माझी विनंती इतकीच की खरेदीची घाई महिनाभर लांबवा. आपला चाप दहा वेळा तोला, आकडे वहीत मांडा, सफाई आणि जुळवणीनंतर पुन्हा दहा वेळा तोला, आणि ते पान बरोबर घेऊनच दुकानाची पायरी चढा.