वसईचें जुनें शहर कसें पाहावें
(ज्युबिलीनिमित्त दिलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत रोम आणि असिसी यांचें दर्शन घ्यावें असें आहे. ज्यांस तितकें दूर जाणें शक्य नाहीं, त्यांनीं वसईच्या किल्ल्यांतील जुनें शहर पाहावें. परंतु कसें पाहावें, हें आधीं शिकून घेतलें पाहिजे.

त्याचा पहिला धडा आपणांस घराशेजारींच मिळतो. मांजरसुंब्याजवळ कपिलधार आहे. तेथें दरींत धबधबा कोसळतो, आणि तेथेंच वीरशैव संत, 'परमरहस्य' ग्रंथाचे कर्ते मन्मथस्वामी यांची समाधि आहे. कार्तिकी पौर्णिमेस भाविक दिंड्या घेऊन पायीं येतात. ते धबधबाही पाहतात. परंतु ते कोणाला तरी भेटावयास आलेले असतात. प्रेक्षक आणि यात्रेकरू यांत भेद आहे तो एवढाच.

आतां वसईकडे वळूं. १५३४ सालीं गुजरातच्या बहादूरशहानें हा मुलूख पोर्तुगीजांस दिला, आणि समुद्रकांठीं तटबंदीच्या आंत एक संपूर्ण युरोपीय नगर उभें राहिलें. १६९५ सालीं इटलीचा प्रवासी जेमेल्ली कारेरी तेथें आला, तेव्हां साथीच्या रोगानें शहराचा मोठा भाग ओस पडला होता. पुढें १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं दीर्घ वेढ्यानंतर किल्ला जिंकला व शरण आलेल्यांस सन्मानानें जाऊं दिलें. त्या वेढ्यांत दोन्ही पक्षांचे पुष्कळ लोक पडले. तेथें प्रार्थना करणारानें दोघांचेंही स्मरण करावें.

किल्ल्यांत सेंट जोसेफच्या मंदिराचा उंच घंटामनोरा अद्यापि उभा आहे. फ्रान्सिस्कन मंदिराच्या भूमीवर पोर्तुगीज लेख कोरलेल्या कबरींच्या शिळा आहेत. त्यांवरून चालतांना पाऊल जपून टाकावें. याच वसईंत सोळाव्या शतकांत गोन्सालो गार्सिया जन्मले. ते फ्रान्सिस्कन बंधु झाले, जपानांत गेले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें क्रुसावर हुतात्मा झाले. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. ज्या मातीनें असा पुत्र दिला, ती केवळ छायाचित्रें घेण्याची जागा कशी म्हणावी?

मनोरे आहेत, मग घंटा कोठें गेल्या, असें कोणी विचारील. त्यांपैकीं १७२१ साल कोरलेली एक घंटा नाशिक येथें गोदावरीकांठच्या नारोशंकराच्या देवळांत आहे. तिच्याकडे गाऱ्हाण्याच्या दृष्टीनें पाहूं नये. प्रार्थनेसाठीं ओतलेलें तें धातु प्रार्थनास्थळींच राहिलें, तोफेच्या भट्टींत गेलें नाहीं, हें काय थोडें झालें?

खरी चिंता दुसरीच आहे. शत्रूनें ज्या भिंती ठेविल्या, त्यांवर आज सहलीस येणारे आपलीं नांवें खरडतात आणि वेदीच्या जागीं उष्टें टाकतात. असिसी येथें २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपांत संत फ्रान्सिसच्या वरच्या मंदिराचें छत कोसळलें व चार जण मृत्यु पावले. तेथील लोकांनीं चित्रांचे चुरा झालेले तुकडे ढिगाऱ्यांतून वेचिले व पुष्कळसे पुन्हां जुळविले. १९९९ च्या नोव्हेंबरांत मंदिर पुन्हां उघडलें. त्यांनीं एक एक खपली जतन केली. आपण निदान उभी भिंत तरी राखूं या.

म्हणून माझी विनंति अशी : वसईस जाल तेव्हां सकाळीं लवकर जा. मुलांस आधीं गोन्सालोंची गोष्ट सांगा. एका भग्न वेदीपुढें पांच मिनिटें मौन धरा. परततांना आपला केर परत आणा आणि दुसऱ्याचा थोडा उचला. कपिलधारेचा भाविक जसा भेटीस जातो, तसे आपण जाऊं या. म्हणजे त्या मोडक्या नगरांतही कोणी तरी आपणांस खास भेटेल.

परमेश्वर आपणां सर्वांची यात्रा सुफल करो.