अशिलाला काय सांगितलं?



अध्यक्षीय भाषणात न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा, गळकी इमारत आणि वकिलांची बसायची अडचण हे विषय यावेत अशी प्रथा आहे. ते प्रश्न खरे आहेत आणि त्यांवर ठराव होतीलच. मी मात्र अशिलाबद्दल बोलणार आहे. कोर्टाच्या आवारात आपण वकील त्याच्याबद्दल पुष्कळ बोलतो. तो फी बुडवतो, तारखेला येत नाही, आपला सल्ला शेजारच्या टेबलावर जाऊन पडताळून घेतो. तो आपल्याबद्दल काय बोलतो ते कोर्टासमोरच्या चहाच्या गाडीवर कधी ऐकावं. दावा हरल्याचं दुःख तिथं असतं, पण त्याचा राग फारसा नसतो. शेतकऱ्याला पाऊस न पडण्याची सवय आहे, तो हरणंही पचवतो. राग असतो तो वेगळाच: वकील काही सांगत नाही.

१४ मे २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुम्हाला ठाऊक आहे. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येत नाही, असं न्यायालयाने ठरवलं. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने नेमकं उलट म्हटलं होतं, त्यामुळे सतरा वर्षं ती टांगती तलवार आपल्या डोक्यावर होती. डॉक्टर मंडळी १९९५ पासून त्या कायद्याखाली आहेत, आपण सुटलो. बाररूममध्ये आनंद झाला, मलाही झाला. पण आपण सुटलो ते कशामुळे, हे किती जणांनी वाचलं? न्यायालयाने दिलेलं एक महत्त्वाचं कारण असं की, वकील अशिलाच्या सूचनेनुसार काम करतो. काय करायचं, काय सोडायचं यावर अशिलाचं मोठं आणि थेट नियंत्रण असतं. म्हणून हा वैयक्तिक सेवेचा करार आहे.

आता उद्याच्या आपल्या बोर्डावरची प्रकरणं डोळ्यांसमोर आणा. त्यांतल्या किती अशिलांचं आपल्यावर असं नियंत्रण आहे? दाव्यात आपण कोणती मागणी घातली आहे, हे किती जणांना सांगता येईल? अशील मालक आहे या आधारावर आपल्याला संरक्षण मिळालं, आणि रोजच्या व्यवहारात आपण त्याला ‘बाहेर बसा, पुकारा झाला की बोलावतो’ म्हणतो. ही विसंगती आपण स्वतः मिटवली नाही, तर आज ना उद्या दुसरं कोणी तरी मिटवेल, आणि ते आपल्याला आवडणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. अशिलाच्या अपेक्षा अवास्तव असतात अशी आपली तक्रार असते. त्या अपेक्षा बऱ्याचदा आपल्याच टेबलावर, पहिल्या अर्ध्या तासात तयार होतात. काही आपल्या बोलण्यातून, तर बऱ्याचशा आपण न बोलल्यामुळे.

आपल्या भागातलं नेहमीचं प्रकरण घेऊ. प्लॅस्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफार आणि घडी पडलेला नकाशा घेऊन माणूस येतो. खुर्चीवर टेकायच्या आत सांगतो, ‘साहेब, दावा ठोकायचाय.’ चुलत्याने बांधावरचा रस्ता अडवलाय. आपण दिवाणी वकील. आपला हात आपोआप निरंतर मनाईच्या दाव्याकडे आणि तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाकडे जातो. मसुदा संगणकात तयार असतो, नावं आणि गट नंबर बदलायचे असतात. पण त्या माणसाला काय हवंय? तोडीची पाळी आली की त्याचा ऊस शेताबाहेर निघायला हवा. त्याला हुकूमनामा नकोय, ट्रॅक्टर जायला वाट हवीय. म्हणून पहिला प्रश्न असायला हवा: अडवलं कधी?

सहा महिने झाले नसतील तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे जाता येतं, आणि तो मार्ग त्यातल्या त्यात जवळचा आहे. रस्ता पूर्वीपासून नसेलच आणि बांधावरून नव्याने हवा असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे. सहा महिने उलटले की पहिलं दार बंद. ही मुदत त्या माणसाला माहीत नसते, आपल्याला असते. तो चुलत्याशी गोडीगुलाबीने बोलत, पंचांच्या मागे हिंडत पाच महिने काढून आलेला असतो. आपण कागद ठेवून घेऊन ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हटलं, कारकुनाने त्याला आणखी दोनदा फेरी मारायला लावली, की गेलं. पुढे दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालेल, कदाचित आपण जिंकूही. तोवर शेतात उभा राहिलेला ऊस आपल्या हिशेबात कुठंच येत नाही.

कधी कधी तोच माणूस आणखी थोडं बोलू दिलं की निराळंच सांगतो. रस्ता दुसरीकडून आहे, थोडा वळसा पडतो इतकंच. खरी गोष्ट अशी की लग्नात चुलत्याने अपमान केला, त्याला कोर्टात उभा करायचाय. हीसुद्धा अपेक्षाच आहे, आणि तिला पैसे मोजायचीही तयारी असते. आपल्या वर्तणुकीचे नियम वकिलाने खटलेबाजीला फूस लावू नये असं स्पष्ट सांगतात. पण नियम बाजूला ठेवा. सूड उगवायला आलेला अशील कधीच समाधानी होत नाही, हे इथल्या प्रत्येक ज्येष्ठाला ठाऊक आहे. मनाई मिळाली तर तो म्हणतो, चुलता अजून मान वर करून चालतो. अशा माणसाला त्याच दिवशी चहा पाजून परत पाठवणं हीदेखील व्यावसायिक सेवा आहे, फक्त तिची पावती फाडता येत नाही.

मग तो प्रश्न येतो: ‘साहेब, शंभर टक्के ना?’

आपण मान का डोलावतो ते आपल्याला माहीत आहे. ‘सांगता येत नाही’ म्हटलं तर तो उठून शेजारच्या टेबलाकडे जाईल आणि तिथं त्याला शंभर टक्के मिळतील. ही आश्वासनांची चढाओढ आपल्या आवारातली आहे, अशिलाने ती आणलेली नाही. नव्या वकिलांवर तिचा दाब सर्वांत जास्त असतो, कारण त्यांचं घरभाडं त्या एका मानेवर अवलंबून असतं. त्यांना उपदेश करण्याआधी ज्येष्ठांनी आपल्या टेबलावर काय चालतं ते पाहावं.

जिंकलेल्या अशिलाचीही हीच गत. निकाल लागतो, तो पेढे घेऊन येतो आणि विचारतो, ‘ताबा कधी?’ त्या वेळी आपण पहिल्यांदा दरखास्त हा शब्द उच्चारतो. हुकूमनामा मिळाल्यावर पक्षकाराच्या खऱ्या अडचणी सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवलं होतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा असं सांगावं लागलं. दीडशे वर्षं ही गोष्ट आपल्या व्यवसायाला माहीत आहे. अशिलाला ती निकालाच्या दिवशी कळते.

तडजोडीबद्दल थोडं सांगतो. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, अशिलाचे हक्क सोडून देणारी कबुली वकिलाने त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय देऊ नये. लोकअदालतीच्या दिवशी आपण काय करतो? पॅनेलसमोर गर्दी असते, आकडा दाखवायचा असतो, पुरसिस लिहून तयार असते, अंगठा घेतला जातो. लोकअदालतीचा मी विरोधक नाही. तिथं कोर्ट फी परत मिळते, भांडण संपतं, आणि निवाड्यावर अपील नसतं. पण अपील नाही म्हणूनच सहीआधीची दहा मिनिटं महत्त्वाची. दुसऱ्या दिवशी जो माणूस ‘मला वाटलं ही नुसती तारीख आहे’ म्हणत येतो, त्याला आपण काय उत्तर देणार?

आणि अशील म्हणजे नेमका कोण? वाटपाच्या दाव्यात थोरला भाऊ येतो, फी तोच देतो, फोनही तोच करतो. वकीलपत्रावर दोन बहिणींच्याही सह्या असतात. १९९४ चा महाराष्ट्राचा कायदा, २००५ ची दुरुस्ती आणि ११ ऑगस्ट २०२० चा निकाल या तिन्हींनंतर त्या बहिणींचा हिस्सा काय, हे आपल्याला पाठ आहे. त्यांना कोणी सांगितलंय? भावाची अपेक्षा असते की हक्कसोडपत्राचं तेवढं ‘तुम्ही बघून घ्या’. ज्याच्या खिशातून फी येते तोच आपला अशील, असं धरून चालणं सोयीचं असतं. वकीलपत्रावर प्रत्येक बहिणीचीही सही आहे, म्हणजे तिला एकटीला बसवून बोलायला आपण बांधलेले आहोत. दोघांच्या हिताचा मेळ बसत नसेल, तर एकाचं वकीलपत्र सोडायला हवं. माझ्या मते या आवारातला सर्वांत जास्त टाळला जाणारा प्रश्न हाच आहे. यावर मला टाळ्या मिळणार नाहीत, हे गृहीत धरलंय.

थोडं मागे जातो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकरी उठले. पुढे दंगे नगर जिल्ह्यातही पसरले. त्यांचा मुख्य रोख सावकारांच्या जिवावर नव्हता. त्यांना खतं, रोखे, हुकूमनामे हवे होते, आणि ते त्यांनी जाळले. त्या कागदांवर आपण काय लिहून दिलंय हे त्यांतल्या अनेकांना कधी समजलेलंच नव्हतं. समन्स आलं तरी ते कोर्टात जात नसत आणि एकतर्फी हुकूमनामे होत. चौकशीसाठी आयोग बसला आणि त्यातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. कोर्टाने रोख्याच्या आतला व्यवहार तपासावा, शेतकऱ्याचा दस्त गावनिबंधकासमोर व्हावा, भांडण आधी सलोखा करणाऱ्याकडे जावं, अशा त्यात तरतुदी होत्या. आणि त्या सलोखा करणाऱ्यासमोर व गावमुन्सफासमोर वकिलाने उभं राहू नये अशीही तरतूद होती. आपले पूर्वज त्या कायद्यावर फार रागावले असतील. मला मात्र तो कायदा करणाऱ्याचं मन समजतं. त्याला वाटलं असावं की वकील आला की शेतकऱ्याला आपल्याच भांडणातलं काही कळेनासं होतं.

आज आपण दाव्याच्या शेवटी सत्यापन लिहितो: मजकूर वाचून पाहिला, तो खरा आहे. खाली अंगठा असतो. १९९८ च्या अधिसूचनेनंतर आपल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी आहे, तरी कित्येक दावे आणि कैफियती इंग्रजीतच पडतात, कारण आपल्या संगणकातला मसुदा इंग्रजी आहे. ज्याने वाचलाच नाही तो कागद त्याच्याच तोंडी घालून आपण त्याला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करतो, आणि उलटतपासात तो गडबडला की बाहेर येऊन त्याच्यावरच चिडतो.

आता फोन. प्रकरणाचा सोळा अंकाक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की तारीख, टप्पा, आदेश सगळं अशिलाच्या मोबाइलवर दिसतं. त्याचा कॉलेजात जाणारा मुलगा रात्री ते पाहतो आणि सकाळी विचारतो, ‘कैफियतीविना पुढे चालवा, असा आदेश झालाय म्हणे?’ वाईट बातमी पूर्वी वकिलाकडून चार दिवसांनी, थोडी मऊ होऊन जायची. आता ती आपल्या आधी पोचते. काहींना याचा त्रास होतो. मला वाटतं, बातमी सांगण्याचं काम यंत्राने उचललं हे बरंच झालं. आदेशाचा अर्थ काय, तो फिरवता येईल का, किती खर्च येईल, हे सांगायचं काम आपल्याकडे राहिलं, आणि त्यासाठीच तर तो फी देतो. आदेश आपल्या चुकीने झाला असेल तर तेही त्याच दिवशी सांगावं. विलंब माफीच्या अर्जात खोटं आजारपण लिहायची वेळ मग येत नाही.

फीबद्दल आपण लाजतो, आणि लाजून घोटाळा करतो. निकालावर अवलंबून फी ठरवायला नियमांची मनाई आहे. फी राहिली म्हणून कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये सांगितलं आहे. तरी ‘कागद साहेबांनी ठेवून घेतले’ ही तक्रार अजून ऐकू येते. फी किती, कोणत्या टप्प्यापर्यंतची, त्यात नक्कल आणि कोर्ट फी धरली आहे की नाही, अपील आणि दरखास्त वेगळी की एकत्र, हे तोंडी राहतं. दोन वर्षांनी त्याला एक आकडा आठवतो आणि आपल्याला दुसरा. दोघंही खोटं बोलत नसतात.

म्हणून या परिषदेपुढे एक ठराव ठेवतो आहे. वकीलपत्रासोबत प्रत्येक अशिलाला मराठीत एक पान द्यावं. त्यात त्याला काय हवंय ते त्याच्याच शब्दांत असावं, आणि आपण कोणती मागणी कोणत्या कायद्याखाली करतो आहोत ते आपल्या शब्दांत. जवळची मुदत, हरण्याची शक्यता कुठे आहे, जिंकल्यावर पुढे काय करावं लागेल, फी आणि तिचे टप्पे, आणि फोन कधी केला तर उचलला जाईल. त्याची एक प्रत आपल्या फाइलला राहावी. लिहिता-वाचता न येणाऱ्याला ते वाचून दाखवावं, त्याच्या घरचं कोणी समोर बसवून.

मसुदा तुमच्या फाइलमध्ये आहे. त्यातल्या दोन रकान्यांवर आक्षेप आल्याचं मला कळलं आहे. फीचा रकाना काढावा असं काही ज्येष्ठांचं म्हणणं आहे, आणि हरण्याची शक्यता लिहून दिली तर तो कागद प्रतिपक्षाच्या हाती पडेल अशी काही तरुणांना भीती वाटते. दुसरा आक्षेप मला खरा वाटतो आणि त्यावर शब्दरचना बदलायची माझी तयारी आहे. पहिल्यावर नाही. जेवणानंतरच्या सत्रात ज्यांना फीच्या रकान्याविरुद्ध बोलायचं आहे त्यांची नावं आधी पुकारावीत, असं मी चिटणिसांना सांगितलं आहे.