आडनाव आणि दुकानाची पाटी
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील तरुण मंडळी, विशेषतः लेकी-सुना, रत्नागिरीत साड्यांचा व तयार कपड्यांचा व्यवसाय धडाडीने करू लागल्या आहेत, याचे आम्हांस मोठे समाधान वाटते. परंतु एकाच आडनावाच्या पाट्या एकाच बाजारात लागल्या की गिऱ्हाईक गोंधळते, आणि मग चुलत घराण्यांत अबोला धरला जातो. परक्या मुलखातील आंबा आपल्या हापूसच्या नावाने विकला जातो तेव्हा पोटात कसे तुटते, हे रत्नागिरीकरांस सांगावयास नको. आम्ही वकील नव्हे. जन्म मास्तरकीत गेला. वाचून जे उमगले तेवढेच सांगतो.

"आडनाव वाडवडिलांचे, ते लावण्यास परवानगी कोणाची?" असे आपण सहज म्हणतो. कायद्यासही ते अंशतः मान्य आहे. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याचे कलम 35 प्रत्येकास आपले नाव प्रामाणिकपणे वापरू देते. सारी गोम त्या 'प्रामाणिकपणे' शब्दात आहे. लोखंडी नांगरामुळे घरोघर पोचलेले किर्लोस्कर हे नाव एका नव्या कंपनीने लावले, तेव्हा प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. 1995 साली न्यायालयाने त्या वापरास मनाई केली. त्या वेळी 1958 चा कायदा लागू होता. तत्त्व मात्र तेच. माणसास नाव जन्माने मिळते, कंपनी आपले नाव निवडून घेते, हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे.

याची दुसरी बाजूही आहे. ठाण्याच्या गिरणीतून नावारूपास आलेल्या रेमंड या कापडवाल्या कंपनीने त्याच नावाच्या औषधकंपनीवर दावा लावला. मुंबई उच्च न्यायालयाने 2010 साली तो मानला नाही. सुटाचे कापड घेणारा औषधाच्या बाटलीने फसत नाही!

कपड्यास कपडा भिडला की मात्र गाठ कठीण. फ्रान्सची लाकोस्त आणि सिंगापूरची क्रोकोडाइल, दोघींच्या सदऱ्यांवर सुसरच. एकीचे तोंड उजवीकडे, दुसरीचे डावीकडे. 2001 साली दिल्लीत लागलेल्या दाव्याचा निकाल एकल न्यायाधीशांनी 2024 च्या ऑगस्टमध्ये लाकोस्तच्या बाजूने दिला. तेवीस वर्षे! आपल्यापैकी कोणाचे दुकान इतकी वर्षे वकिलाची फी सोसू शकेल?

त्यामानाने नोंदणी स्वस्त आहे. कपडे पंचविसाव्या वर्गात, नुसते कापड चोविसाव्यात. एका व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास दर वर्गास 4,500 रुपये शुल्क. चिन्ह जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिन्यांत कोणासही हरकत घेता येते. एकदा नोंद झाली की दहा वर्षे, पुढे नूतनीकरण. मात्र नुसत्या आडनावास नोंद मिळणे अवघड जाते. आणि कलम 34 प्रमाणे आधीपासून ते नाव वापरणाऱ्याचा हक्क नंतरच्या नोंदणीने बुडत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या, बिले, जाहिरातीची कात्रणे टाकू नयेत. मास्तरकीतील ही जुनी खोड येथे उपयोगी पडेल.

आमची सूचना इतकीच की, पाटी रंगविण्यास देण्यापूर्वी त्याच आडनावाच्या दुसऱ्या दुकानदाराकडे एकदा जाऊन यावे आणि आडनावापुढे गावाचे, वाडीचे अथवा आजीचे नाव जोडता येते का ते पाहावे. ज्यांच्या पाट्या आधीच लागल्या आहेत, अशा दोन कुटुंबांनी आज येथे एकत्र बसण्याचे कबूल केले आहे. भोजनोत्तर मागच्या खोलीत त्यांची बैठक आहे, आणि तेथे आम्हांसही बोलावले आहे.