घरचे शिलाई मशीन : देखभाल आणि दुरुस्ती
(संस्थेच्या शिवणवर्गाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



आपल्या समाजातील अनेक घरांत शिलाई मशीन म्हणजे घरातले एक कमावते माणूसच आहे. त्याच्या कमाईतून वह्या-पुस्तके येतात, परीक्षेची फी भरली जाते. कमावत्या माणसाच्या प्रकृतीला आपण जसे जपतो, तसे या मशीनलाही जपले पाहिजे.

मी शाळेत असतानाची गोष्ट. रमजानचा शेवटचा आठवडा होता. अम्मीकडे शेजारपाजारचे ईदचे कपडे शिवायला आले होते आणि नेमके मशीन अडले. मिस्त्री तालुक्याहून तिसऱ्या दिवशी आला. सुईखालची पट्टी काढून त्याने चिमट्याने दोऱ्याचा गुंता ओढून काढला, दोन थेंब तेल सोडले आणि मशीन सुरू झाले. वाया गेलेले दिवस भरून काढण्यासाठी माझी थोरली बहीण शाळा बुडवून काज-बटणे करीत बसली. बिघाड पाच मिनिटांचा होता. पण तो कसा शोधायचा, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

अमेरिकेतील एलियास हाऊ यांनी 1846 साली ज्या यंत्राचे पेटंट घेतले, त्यात सुईचे नेढे टोकाजवळ होते आणि दुसरा दोरा शटल नेत असे. आपल्या घरच्या मशीनचा टाकाही असाच दोन दोऱ्यांचा असतो. वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध एकमेकांत अडकले की टाका बसतो. एवढे ध्यानात ठेवले तर बरेच दोष आपले आपल्याला ओळखता येतात.

कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याची जाळी झाली, तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. दोरा काढून पुन्हा ओवा. ओवताना फूट वर उचललेले असू द्या. नाहीतर दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही. खालचा दोरा वर दिसू लागला, तर वरचा ताण जरा सैल करा. बॉबिन केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवून पाहा. ती आपोआप घसरू नये, पण हलका झटका देताच थोडी खाली यावी.

टाके सुटू लागले की आधी सुई बदला. सुईची सपाट बाजू काचेवर टेकवली, की ती वाकली आहे का ते लगेच दिसते. नवी सुई पूर्ण वर सरकवून स्क्रू आवळा आणि लांब खाचेच्या बाजूने दोरा ओवा. तलम मलमलीला 9 किंवा 11 नंबरची, साध्या सुती कापडाला 14 आणि जाड कापडाला 16 किंवा 18 नंबरची सुई घ्या. शिवताना कापड ओढू नका. सुई वाकते आणि तुटते. पायाच्या मशीनचे चाक हाताने आपल्याकडे फिरवूनच सुरुवात करा. ते उलटे फिरले की दोरा गुंततो.

काम जास्त असेल तर आठवड्यातून एकदा पट्टी काढून दात्यांमधला कचरा ब्रशने झाडा. तेलाच्या भोकांत एकेक थेंब सोडा आणि मग चिंधीवर थोडे शिवून पाहा, म्हणजे जादा तेल निघून जाईल. तेल मात्र मशीनचेच हवे. खोबरेल किंवा खाण्याचे तेल कालांतराने चिकट होते आणि मशीन जड चालते. पट्टा फार सैल नको, फार ताठही नको. विजेच्या मशीनचा प्लग आधी काढा आणि तेल कोठे लागते, की लागतच नाही, हे सोबतच्या पुस्तिकेत पाहा.

इतके करूनही टाके सुटत राहिले, तर सुई आणि शटल यांचा मेळ बिघडलेला असू शकतो. तेथे हात घालू नका. जाणकार मिस्त्रीला बोलवा.

शेवटी मुलांना एक विनंती. हे काम फक्त मुलींचे समजू नका. येत्या सुट्टीच्या दिवशी आईजवळ बसा, पट्टी काढा, कचरा झाडा, तेल द्या. तुमच्या अर्ध्या तासाने आईचा हंगाम वाचेल आणि एखाद्या बहिणीची शाळाही बुडणार नाही.