घर, परस आणि मूल



व्याख्यानमालेत मोठमोठे विषय येतात. राष्ट्र, धर्म, साहित्य, अर्थकारण यांवर बोलणारे विद्वान आपण ऐकलेत, पुढेही ऐकाल. आज माझा विषय इतका लहान आहे की तो घराच्या मागल्या दाराने बाहेर पडतो आणि मोरीच्या पाण्यापाशी संपतो. घराचा परस, त्यात करावयाची चार कामे आणि ती करणारी आपली मुले, एवढाच तो विषय.

तरीही बीडसारख्या जिल्ह्यात तो क्षुल्लक नव्हे, असे मला वाटते. एक तर येथे पाणी थोडे. वर्षाची सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. आणि १९७२, २०१२, २०१५ यांसारख्या सालांत ही सरासरी कागदावरच राहते. दुसरे म्हणजे दिवाळी झाली की या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा मिळून एक ‘कोयता’ होतो, आणि घराला पाच-सहा महिने कुलूप लागते. जेथे इतक्या घरांना दरवर्षी कुलूप लागते, तेथे ‘घर म्हणजे काय?’ हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

माझे उत्तर सरळ आहे. ज्या घरात मुलाच्या हाताला खरे काम असते, ते घर मुलाला आपले वाटते. आणि असे काम देण्याची सर्वांत स्वस्त जागा म्हणजे परस.

आपण ‘बालवाडी’ हा शब्द रोज वापरतो. पण त्यातील ‘वाडी’ कुठली, हे विचारीत नाही. नारळाची वाडी, केळीची वाडी, तशीच ही मुलांची वाडी. जर्मनीत फ्रोबेल या शिक्षकाने १८४० साली आपल्या बालशाळेला ‘मुलांची बाग’ असे नाव दिले. ते नुसते अलंकारिक नाव नव्हते. त्याच्या शाळेत मुलांना जमिनीचे लहान तुकडे दिलेले असत आणि त्यांत मुलांनी स्वतः पेरावे, राखावे अशी रीत होती. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले आणि १९५७ पासून ते कोसबाडच्या टेकडीवर वाढविले. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा ताराबाईंचा विचार. १९७५ मध्ये देशभर सुरू झालेल्या योजनेतील ‘अंगणवाडी’ हा शब्द आज गावोगावी रुळला आहे. पाहा, ‘अंगण’ आणि ‘वाडी’ हे दोन्ही शब्द घराचे आहेत. शाळेने ते घराकडून उसने घेतले. आणि घर मात्र ते विसरले!

आता ‘खरे काम’ म्हणजे काय? आपण मुलाला पुष्कळ कामे सांगतो. पाणी आण, दार लाव, दुकानातून अमुक आण. ही कामे नव्हेत, हे निरोप आहेत. खऱ्या कामाची माझी कसोटी अशी: ते करायला मूल विसरले, तर काही सुकते का? मेथीचा वाफा दोन दिवस तहानलेला राहिला की माना टाकतो. तेथे आईला ओरडावे लागत नाही, वाफाच बोलतो. आणि पाणी दिल्यावर संध्याकाळी तीच रोपे उभी राहिली म्हणजे मुलाला जे कळते, ते कोणत्याही पाठातून कळत नाही.

परसात काळही शिकता येतो. मेथी महिन्याभरात कापायला येते, मुळा चाळीस-पंचेचाळीस दिवसांत, भेंडी दीड-दोन महिन्यांत. शेवगा चांगला लागला तर वर्षाच्या आत शेंगा देतो आणि आंब्याला काही वर्षे धीर धरावा लागतो. मुलाने एकाच दिवशी मेथी, भेंडी आणि शेवगा लावावा. महिन्याने एक आनंद, दोन महिन्यांनी दुसरा, वर्षाने तिसरा. धीर धरावा असा उपदेश न करता धीर शिकविण्याची याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही.

येथे आपणांपैकी कोणी मनात म्हणत असेल, ‘हे सगळे ठीक, पण पाणी कुठले? प्यायला टँकर, आणि हे महाशय भेंडी लावायला सांगतात!’ आक्षेप रास्त आहे. म्हणून थोडा हिशेब करू. घरात पाच माणसे आहेत. प्रत्येकाने पंधरा लिटरच्या एकाच बादलीत अंघोळ उरकली, तरी पंचाहत्तर लिटर झाले. भांडी, भाजी, तांदूळ धुण्याचे पंचवीस धरा. एकूण शंभर लिटर. हे पाणी आज कोठे जाते? गल्लीत, आणि तेथे डासांची उत्तम शेती होते. एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. त्या हिशेबाने शंभर लिटर पाणी वीस चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे दोनशे पंधरा चौरस फुटांच्या परसाला रोज पाच मिलिमीटर पाऊस दिल्यासारखे आहे. टंचाईच्या दिवसांत अंघोळीला अर्धी बादली आली तर परसही निम्मा करावा; पण तो शून्यावर आणण्याचे कारण नाही.

साबणाचे पाणी मात्र सरळ पालेभाजीवर सोडू नये. ते गोटे आणि वाळू भरलेल्या खड्ड्यातून जाऊ द्यावे आणि पुढे केळी, कर्दळ, अळू यांना मिळावे. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी वाफ्याला बिनधोक चालते. आणि फुटका माठ फेकू नये. वरची कड फुटली असेल, पण बूड शाबूत असेल, तर असा कच्चा भाजलेला माठ रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरावा, पाणी भरावे, तोंडावर झाकणी ठेवावी. माठ पाझरतो आणि मूळ पिते. वरची माती कोरडी राहिल्याने ऊनही फार पाणी चोरत नाही. हे तंत्र फार जुने आहे, आणि आपल्या घरी पाणी गार करणारा माठ नेमके हेच करीत असतो.

पाणी खेळविण्याची विद्या आपल्याला परकी आहे काय? बीडजवळची खजाना विहीर आपण सर्वांनी पाहिली आहे. सोळाव्या शतकात, निजामशाहीच्या काळात बांधलेली ही विहीर. मोट नाही, रहाट नाही. जमिनीखालच्या पाटाने, केवळ उताराच्या बळावर पाणी बलगुजारच्या शेतांकडे जाते. पाहुणा आला की आपण मोठ्या अभिमानाने त्याला ती दाखवितो, आणि घरी परत येऊन मोरीचे पाणी रस्त्यावर सोडतो! मोरीपासून वाफ्यापर्यंत एक हात उतार साधणे हे त्याच विद्येचे पहिले इयत्तेतील गणित आहे. ते मुलाला सोडवू द्या. त्याने पाट चुकविला आणि पाणी उलटे फिरले, तर फिरू द्या. दुसऱ्या दिवशी तो आपणच समतल पाहायला शिकेल.

हाच धडा छपराचा. तीनशे चौरस फुटांच्या पत्र्यावर आपल्या सरासरी पावसाचे वर्षाला सुमारे अठरा हजार लिटर पाणी पडते. सगळे काही हाती लागत नाही; पण पहिला पाऊस धुऊन जाऊ दिला आणि पन्हळ लावून पुढचे पाणी पिंपात घेतले, तर पावसाच्या उघडिपीत वाफा तगून राहतो. पन्हळ बसविणे, तुराट्यांची ताटी विणणे, दोडक्यासाठी पऱ्हाट्यांचा मांडव घालणे, ही कामे आजोबांना येतात, वडिलांना अर्धवट येतात आणि मुलाला मुळीच येत नाहीत. ताटी विणताना तिघे एका ओळीत बसले, म्हणजे घरात कधी नव्हे ते आजोबांचे ज्ञान उपयोगाचे ठरते. म्हाताऱ्या माणसाचा मान राखा, असे मुलाला शंभरदा सांगण्यापेक्षा त्याने आजोबांकडून एक गाठ शिकावी.

दुसरा आक्षेप पहिल्याहून गंभीर आहे आणि तो समोर बसलेल्या भगिनींचा आहे. ‘परसबाग म्हणजे आमच्याच कामात आणखी एक भर,’ असे त्या म्हणतील. त्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे. पाणी त्यांनी भरायचे, स्वयंपाक त्यांनी करायचा आणि व्याख्यान ऐकून आलेल्या यजमानांनी ‘आता भेंडी लावू या’ असे फर्मान काढायचे! असे होणार असेल, तर मी हात जोडून सांगतो, परसबाग करू नका. ही बाग बाईची नव्हे, घराची आहे. पाण्याची बादली पुरुषाने उचलावी, खुरपे मुलगा आणि मुलगी दोघांनी धरावे, आणि आईने फार तर संध्याकाळी येऊन ‘ही शेंग अजून कोवळी आहे’ एवढे सांगावे. ज्या मुलाने वडिलांना रोज बादली उचलताना पाहिले, तो मोठेपणी आपल्या बायकोला एकटीला पाणी भरू देणार नाही. परसातून भाजी किती निघाली, यापेक्षा हे पीक मला मोलाचे वाटते.

आता कुलूप लागणाऱ्या घरांकडे येतो. परसबागेने ऊसतोड थांबेल, असे मी म्हणणार नाही. कोरडवाहू शेती, कर्ज, उचल ही कारणे वाफ्याने मिटत नाहीत. पण त्या घरातील मूल दोनपैकी एका वाटेने जाते. एक तर आई-बापांबरोबर फडावर, पाचटाच्या कोपीत. नाही तर मागे, आजीजवळ. मागे राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली, २०२१ साली राज्य शासनाने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजनाही मंजूर केली. अशा सोयी हव्यातच. परंतु आजीजवळ राहिलेल्या मुलाचे दिवस कशाने भरायचे? अभ्यास होतो, खेळ होतो, आणि संध्याकाळी घर ओके ओके वाटते. त्याच वेळी वाफ्याला पाणी द्यायचे असते. आई फोनवर विचारते, ‘वालाला फुले आली का रे?’ आणि मुलाजवळ सांगायला काही असते. तो नुसता मागे ठेवलेला मुलगा राहत नाही. तो घर राखणारा होतो.

आणि ज्या घरी मागे कोणीच राहत नाही, त्या दारात सीताफळ लावावे. बालाघाटाच्या माळावर ते वाढते. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. त्याचा स्वभाव पाहा. एकदा मूळ धरले की त्याला फारसे पाणी लागत नाही, शेळी त्याच्या पानाला सहसा तोंड लावीत नाही. पाऊसकाळानंतर फळ येते ते दिवाळीपर्यंत, म्हणजे माणसे निघण्याच्या आधी पोरांच्या तोंडी लागते. पुढे माणसे जातात तसे तेही पाने गाळून झोपी जाते. माणसे परततात, उन्हाळा सरत येतो, आणि त्याला पालवी फुटते. जणू आपल्या या जिल्ह्याची रीत ओळखूनच हे झाड वाढते.

तेव्हा शहरातील मंडळींना माझी एकच विनंती. आपल्या परसात, गच्चीवर रोपे करा, बी धरा. मे-जूनमध्ये गावाकडची घरे उघडलेली असतात. त्या दिवसांत दोन सीताफळे, एक शेवगा आणि मूठभर वालाचे बी आपल्या ओळखीच्या एका घरी पोचवा. ते त्या घरातील मुलाच्याच हाती द्या, आणि लावण्याची जागा त्यालाच निवडू द्या. झाड त्याचे असू द्या. म्हणजे घरही त्याचे होईल.