एका किड्याचीं पांच नांवें



जव्हारजवळ शिरपामाळ म्हणून एक टेकाड आहे. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जातांना शिवाजीमहाराज तेथें थांबले व जव्हारच्या विक्रमशहा राजांनीं त्यांना शिरपेंच अर्पण केला, म्हणून हें नांव पडलें, अशी तिकडील परंपरा आहे. स्थळाच्या नांवानें आठवण जपली कीं पुरे. किड्याच्या नांवाकडून मात्र निराळीच अपेक्षा असते : आपण कोणत्या प्राण्याविषयीं बोलत आहों, याबद्दल संशय उरतां कामा नये.

मिरचीचीं पानें आकसलीं कीं शेतकरी म्हणतो, 'बोकड्या आला'. कोठें 'चुरडामुरडा'ही म्हणतात. हें नांव लक्षणाचें, कारणाचें नव्हे. पानाच्या कडा वर वळून नावेसारखा आकार झाला तर बहुधा फुलकिडे असतात. खालीं वळल्या तर कोळी. आणि पांढऱ्या माशीनें आणलेल्या विषाणूमुळेंही पानें मुरडतातच. तिघांवर उपाय एक नाहीं. नुसत्या 'बोकड्या' या शब्दावर औषध आणणाराचे पैसे पाण्यांत जाण्याचाच संभव फार.

मिरचीवरील हा फिकट पिवळा फुलकिडा जेमतेम एक मिलिमीटर लांब. पंखांना झालर, आणि जबडा एकच, डावा, उजवा नाहींच! कोइमतूरच्या नमुन्यांवरून हूड या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९१९ सालीं त्याला 'स्किर्टोथ्रिप्स डॉर्सॅलिस' हें नांव दिलें. त्याच वर्षीं बॅग्नॉलनें त्यालाच दुसरें नांव ठेविलें. १९२५ सालीं कार्नीनें तिसरें, १९२७ सालीं जिरॉल्टनें स्ट्रॉबेरीच्या नांवावरून चौथें, आणि १९४२ सालीं आपल्याकडील रामकृष्ण अय्यर यांनीं पांचवें! यांत कोणाचा निष्काळजीपणा पाहण्याचें कारण नाहीं. किडा निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या झाडांवर सांपडे. पुढें नमुने ताडून पाहतां सर्व एकच ठरले, व हूडचें नांव कायम राहिलें.

पण घोळ मिटला नाहीं. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक द्रव्याच्या अभ्यासांत या एका नांवाखालीं निदान नऊ जाती दडलेल्या आढळल्या. सूक्ष्मदर्शकाखालीं त्या सारख्याच दिसतात. आतां यांतला हूडचा डॉर्सॅलिस कोणता, हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. परदेशांतून आलेल्या रोपांवर कीड दिसली, तर ती येथलीच कीं नवी, हें बंदरावरील तपासनिसानें कशावरून ठरवावें?

आपल्या सज्जांतील मिरची आकसली, तर शेंडा पांढऱ्या कागदावर हळूच झटका आणि भिंगानें पाहा. पिवळसर रेघा चालूं लागल्या, तर त्या कुपींत मद्यार्कांत ठेवा, आणि झाडाचें नांव व तारीख चिठ्ठीवर पेन्सिलीनें लिहा. शाई मद्यार्कांत विरघळते.